बर्डीवरून आणलेला १६० रुपयांचा एलईडी डिमर

महिना झाला वापरून, म्हटलं आता लिहूनच टाकावं. हॉलमध्ये टीव्हीमागे १२ व्होल्टची ५ मीटर पट्टी लावली आहे, मीटरला ६० एलईडीवाली, पण रात्री डोळे दिपायचे. बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) एका दुकानात डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा नॉब, विचारला तर काउंटरवरचा म्हणे "भाऊ, पीडब्ल्यूएमवाला घेऊन जा, गरम नाही होत". डबीवर ८ अँपिअर लिहिलेलं, माझी पट्टी २ च्या आत ओढते, घेऊन टाकला.

गरम खरंच नाही होत, आपल्या नागपूरच्या मे महिन्यातही नाही. हा करंट अडवून उष्णतेत घालवतच नाही ना, आतला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पट्टी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून राहिला, जितका वेळ चालू तितकाच खर्च, हेच ते पीडब्ल्यूएम. मीटर लावून पाहिलं, फुलवर १.९ अँपिअर अन् नॉब बराच खाली आणला तर ०.५, म्हणजे २३ वॅटवरून ६ वर आलो. गंमत म्हणजे उजेड पाव नाही वाटत, निम्मा वाटतो, आपले डोळेच तसे आहेत. लाइट गेली की इन्व्हर्टरवर हाच फरक कामी येतो.

आता रडगाणं. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो ते, लय कमी आहे बे! मोबाईलमध्ये व्हिडिओ काढला की काळे पट्टे, अन् उजेडात हात झपकन हलवला की बोटांचे तुकडे तुकडे दिसतात. पुतण्याच्या अभ्यासाच्या टेबलावर २ दिवस लावला तर डोकं दुखतं म्हणे, काढून घेतला. फुलवर ठेवला की हे सगळं गायब, कारण तेव्हा बंद व्हायचं कामच नाही. दुकानात विचारलं तर "सगळे असेच येतात". असं कसं? पुतण्याच्याच आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) ५ नंबरची पिन ९८० हर्ट्झ देते (बाकी बहुतेक पिनांवर ४९०), तिला मॉसफेट जोडून तीच पट्टी लावली तर हाताचे तुकडे जवळजवळ दिसतच नाहीत. मॉसफेट मात्र ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा घ्या, आयआरएलझेड४४एनसारखा, नाहीतर तोच तापतो.

शेजारच्या काकांनी हा डिमर घरच्या २३० व्होल्टच्या बल्बला लावायला मागितला होता, हा १२ व्होल्टच्या पट्टीचा आहे म्हणून हात जोडले.

देवघर, बाल्कनी, टीव्हीमागे, बिनधास्त घ्या. टेबलासाठी नका घेऊ. अन् नॉब शून्यावर नेला तरी पट्टी पुरती विझत नाही, अडॅप्टरचं बटण दाबायला रोज सोफा सरकवावा लागतो.