मागून येणारा आवाज: क्रॉस की क्राऊन?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघणाऱ्या पिकअपमध्ये मागून आवाज आला, तर आधी संशय क्रॉसवर घ्यावा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातल्या अधिकच्या आकाराच्या तुकड्यावर. क्रेटमधलं खारं पाणी सरळ शाफ्टवरच ठिबकतं. त्याची खूण: फर्स्टमधून रिव्हर्स टाकताना ‘ठक्’, सावकाश चालताना ‘चिक्-चिक्’, वेगाबरोबर जलद होणारं. इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. मग शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाजवळ तांबडी भुकटी दिसली किंवा हाताला खेळ (ढिलेपणा) लागला, तर क्रॉस बदलाच. ग्रीस मारून चार दिवस आवाज दबतो, कपातल्या बेअरिंगच्या झिजलेल्या सुया भरून येत नाहीत.

क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) सहसा रडतं: ठराविक वेगाला ‘ऊंऽऽ’, ॲक्सिलरेटर सोडताच सूर बदलतो. हौसिंग (त्याचं बाहेरचं कवच) उघडायची घाई नको, आधी ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.