वास्कोतला गॅस प्लॅनिंगचा क्लास: पैसे वसूल, पण स्लाइड्स बदला राव

पावसाळ्यात गोव्यात स्कूबा डाइव्हच्या बोटी बंद, म्हणून शॉपवाले तेव्हा काय काय क्लास काढतात, त्यातलाच हा एक. दोन दिवस, विषय एवढाच की खोल रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजावर, जाताना श्वासाचा गॅस किती न्यायचा आणि राखीव किती ठेवायचा. शॉपचं नाव मुद्दाम देत नाहीये, खाली थोडी कुरकुर पण आहे.

ग्रँड आयलंडला सुझीज रेक करणाऱ्याला हे सगळं फालतू वाटेल, तिथे पाणी उथळ आणि टाकी संपायच्या आधी आपणच कंटाळतो. पण आमच्या ग्रुपच्या डोक्यात श्रीलंकेतली एचएमएस हर्मीस बसलीय, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलेली विमानवाहू नौका, बट्टिकलोआजवळ साधारण ५३ मीटरवर पडलीय. तिथे "टाकीचं प्रेशर ५० बार उरलं की वर या" वालं गणित चालत नाही.

का चालत नाही ते सरांनी पहिल्याच तासात फळ्यावर दाखवलं. ४० मीटर म्हणजे ५ बार प्रेशर, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा पाचपट गॅस. पार्टनरचा गॅस गेला, दोघं एकाच टाकीवर, दोघंही टरकलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा. खाली एक मिनिट गोंधळ, ३०० लिटर. वर यायला चार मिनिटं, सरासरी ३ बार, ७२०. ५ मीटरवर, म्हणजे दीड बारला, तीन मिनिटं थांबा, २७०. झाले १२९०. आपली नेहमीची ॲल्युमिनियम ८० टाकी ११.१ लिटरची, भागलं की ११६, म्हणजे १२० बार धरा! २०० बार भरलेल्या टाकीतला अर्ध्याहून जास्त गॅस निव्वळ दोघांनी जिवंत वर यायला. कोपऱ्यातला एकजण "सर एवढं?" म्हणाला तर सर म्हणे "अरे बाबा, हे पण डेको नाही असं धरून." डेको म्हणजे शरीरात मुरलेला गॅस निघून जावा म्हणून वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे.

मग आला एक तृतीयांशचा नियम, एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. ऐकायला मस्त वाटतो, पण हा मूळचा गुहावाल्यांचा. रेकमध्ये सगळ्यात आतल्या टोकाला पार्टनरचा गॅस गेला तर उरलेले दोन्ही भाग दोघं मिळून ओढत बाहेर येणार, जहाजाच्या दारात काटा शून्यावर, आणि डोक्यावर अजून ४० मीटर पाणी. म्हणून वर यायचा गॅस आधी बाजूला, पगार झाला की घरभाडं काढतो तसा, आणि मग उरलेल्याचे तीन भाग. सिंगल टाकीत उरले ८० बार, त्याचा तिसरा हिस्सा २६, म्हणजे शांत श्वासावर आत जायला जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यासाठी कोण कशाला आत शिरेल, आणि सिंगलवर शिरूच नका असं सरांनी तसंही दहादा सांगितलं. तेच ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवर दोन जोडटाक्या घेऊन, केलं तर बारा मिनिटं. हा हिशोब स्वतः पेनाने केल्यावर जो बसतो तो यूट्यूब बघून नाही बसत.

दुसऱ्या दिवशी पूल. ३ मीटरवर दहा मिनिटं निवांत पोहायचं आणि काटा किती पडला बघायचा. माझा २० बार पडला, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला १७ लिटर. नंतर शिशाची वजनं हातात देऊन पोहायला लावलं तर आकडा जवळजवळ दुप्पट! तो ३० चा आकडा भीती घालायला नव्हता हे तिथे कळलं.

आता कुरकुर. स्लाइड्स कुठल्यातरी अमेरिकन कोर्सच्या, सगळं पीएसआय आणि क्युबिक फूट, आणि आपल्या गेजवर बार. अर्धा वेळ रूपांतरातच गेला. डेकोचा भाग घाईत उरकला, ५० टक्के ऑक्सिजनवालं नायट्रॉक्स मिश्रण २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपासून, एवढं सांगून पुढे. डेको सिलिंडरच हरवलं किंवा त्याचा रेग्युलेटर बिघडला तर पाठीवरचा गॅस पुरेल का, हा खरा प्रश्न होता आणि त्याला दहा मिनिटं पण मिळाली नाहीत. हर्मीसच्या खोलीला हवेवर डोकं जड होतं म्हणून हेलियम लागतो, त्यावर तर "पुढच्या कोर्सला बघू". अरे, मग फी कसली घेता?

जेवण फीमध्ये नाही, पण बाजूच्या खानावळीत थाळीत सुंगटाची किस्मूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) होती, तिला पाच स्टार. क्लासला साडेतीन.

बुकिंग करताना ट्विनसेट पूलमध्ये किती वेळ मिळणार ते आधीच विचारून घ्या, आमच्या बॅचला सगळ्यांत मिळून एकच होता.