चॅप्लेन प्रशिक्षणाचे नऊ महिने: गेले होते बोलायला शिकायला

चॅप्लेन म्हणजे रुग्णालय, तुरुंग अशा ठिकाणी जाऊन माणसांना आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती. त्या प्रशिक्षणाचा फॉर्म भरताना माझा हिशेब साधा होता. आमच्या चर्चच्या मंडळीत बारा वर्षं आजाऱ्यांच्या भेटी करतेय, प्रार्थना करता येते, स्तोत्रं पाठ आहेत. आता रुग्णालयात, तुरुंगात, वृद्धाश्रमात गेल्यावर काय बोलायचं, एवढं कुणीतरी रीतसर शिकवलं की झालं. सीपीई, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचं एक युनिट घेतलं. अर्धवेळ, ४०० तास. त्यातले १०० वर्गात आणि मार्गदर्शनात, बाकीचे माणसांत. गेल्या महिन्यात संपलं. घ्यावं की नाही, असं आतापर्यंत चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नाही. पहिले दोन महिने मी यावर चिडलेलीच होते.

या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे व्हर्बेटिम. एक भेट झाली की बाहेर येऊन, आठवेल तसा, संवाद शब्दशः लिहून काढायचा: ते काय बोलले, मी काय बोलले, मध्ये कोण गप्प बसलं, माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं. मग ते चार-पाच पानांचं बाड गटासमोर वाचायचं. नावं, खुणा बदललेल्या. माझं दुसरंच व्हर्बेटिम एका आजोबांचं होतं (इथेही तपशील बदललेत). ते म्हणाले, "मुलानं घर विकायला काढलंय म्हणे." मी म्हणाले, "काळजी करू नका आजोबा, देव सगळं ठीक करेल." ते म्हणाले, "हं." मग म्हणाले, "तेवढा पडदा ओढून घ्या, उजेड येतोय." मी पडदा ओढला, प्रार्थना केली आणि निघाले. भेट छान झाली असं माझं मत. मार्गदर्शक बाईंनी त्या 'हं'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय झालं?"

पाऊण तास आम्ही त्या 'हं'वर होतो. घराचं नाव निघताच घाई कुणाला झाली, आजोबांना की मला? मी दिलासा दिला की विषय मिटवला? पडदा मला ओढायला लावला तेव्हा उजेडच नको होता, की मीच नको होते? घरी जाताना रडले. पण त्या दिवसानंतर माझं वाक्य तोंडातून निघायच्या आधी मला ऐकू यायला लागलं. पैसे वसूल झाले ते तिथेच, बाकी सगळं वरकड.

यात एक अडचण आहे, माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो. आमचं लेखन इंग्रजीत. माणूस बोलणार मराठीत, आणि मी ते रात्री इंग्रजीत उतरवणार. एका बाईंचं "जीव नुसता खाली-वर होतो" माझ्या कागदावर "काळजी वाटते" एवढंच उरलं, आणि गटात त्यावर कुणी थांबलंच नाही. पुढे मी हट्टाने मूळ मराठी वाक्य देवनागरीत लिहून खाली अर्थ द्यायला लागले. बाईंनी ते चालवून घेतलं. तुम्हीही आधीच विचारून घ्या.

गट पाच जणांचा होता. पंधरा वर्षं पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, काम केलेले एक भाऊ होते. त्यांच्या प्रत्येक व्हर्बेटिममध्ये तिसऱ्या वाक्याला बायबलचं वचन यायचं आणि पाचव्याला प्रवचन. सहाव्या महिन्यात त्यांनी एक भेट आणली, तिच्यात त्यांची मोजून चार वाक्यं होती, आणि त्यातलं एक "पाणी देऊ?" वाचून झाल्यावर स्वतःच हसले. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या आणि मग त्यालाच दोष देणाऱ्या मित्रांवर एरवी टीकाच ऐकलेली. इथे लक्षात आलं की सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसेपर्यंत त्यांचं सगळं नीट चाललं होतं.

वाचनाचा ढीग बराच आहे आणि त्यातला निम्मा कंटाळवाणा. मला धरून ठेवलं ते या प्रशिक्षणाच्या मुळाशी असलेल्या अँटन बॉइसनने. पाळक असलेला हा माणूस १९२० मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर तशाच एका रुग्णालयात, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला, तो चॅप्लेन झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने चार विद्यार्थ्यांना घेऊन पहिला वर्ग चालवला. ग्रंथ वाचतो तसाच माणूस वाचायचा, हा त्याचा आग्रह. खाटेवर पडून ज्याने वर बघितलंय त्याने हे सुरू केलंय, हे कळल्यावर खुर्चीचा धडा पटला. उभं राहून बोलायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, खुर्ची ओढून डोळे समान पातळीवर आणायचे. वॉर्डात खुर्ची मिळवणं हे वेगळंच कौशल्य आहे, ते कुणी शिकवत नाही.

रुग्णाच्या श्रद्धेची माहिती घ्यायला एक चौकट शिकवतात, तिचं नाव फिका. श्रद्धा कशावर आहे, जगण्यात तिला जागा किती, पाठीशी कुठला समूह आहे, आणि या सगळ्यात आम्ही काय करावं, असे चार भाग. यादीसारखी वाचली तर नावाप्रमाणेच फिकी लागते. गप्पांच्या ओघात दोनच गोष्टी विचारल्या तरी पुरतं.

धर्मप्रसारासाठी चॅप्लेन नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगतात. समोरचा कुठल्याही धर्माचा असो, कुठल्याच नसो, त्याच्या वाटेने चालायचं. मंडळीतून आलेल्यांना हे जड जातं, मलाही गेलं. "प्रार्थना करू का?" हा प्रश्नसुद्धा वाटतो तेवढा साधा नाही. आजारी माणूस भिडेपोटी हो म्हणतो. मी आता म्हणते, "आज प्रार्थना नको असेल तरी मी थोडी बसते." यावर निम्मे लोक नको म्हणतात आणि मग खरं बोलायला लागतात. ज्यांना हवी असते ते काय मागायचं तेही सांगतात.

आता तक्रारी. जाहिरातीत 'समाजातील विविध ठिकाणी' असं ठळक अक्षरात होतं. प्रत्यक्षात माझे जवळजवळ सगळे तास एकाच रुग्णालयात गेले. तुरुंगावर एक ऑनलाइन तास: निरोप बाहेर न्यायचे नाहीत, गुन्हा विचारायचा नाही, न पाळता येणारं वचन द्यायचं नाही. बंदरावर खलाशांना भेटणाऱ्या चॅप्लेनवर अर्धा तास, आणि तो सगळ्यात मजेदार, कारण तिथे बरंचसं काम सिमकार्ड देणं आणि घरी फोन लावून देणं हेच. अग्निशमन दल, कारखाना, शाळा हे सगळं एका स्लाइडवर. हे एकसारखं नाही हो! रुग्णालयात माणूस खाटेवर अडकलेला असतो आणि मी कधीही उठू शकते. तुरुंगात माझीच झडती होते. कारखान्यात कामगाराच्या हातात पाच मिनिटं असतात. वृद्धाश्रमात तीच आजी वर्षभर भेटते आणि दर आठवड्याला तीच गोष्ट पहिल्यांदा सांगते. रुग्णालयाचं शहाणपण तिथे जसंच्या तसं नेऊन चालत नाही. वृद्धाश्रम हवा असेल तर तो स्वतः शोधा, असं उत्तर मिळालं. मी शोधला, पण तिथले तास धरायचे की नाही यावर दोन महिने ई-मेल चालले. मधेच मार्गदर्शक बदलल्या, त्यात तीन व्हर्बेटिमवर शेरा आलाच नाही.

रात्रपाळीचा फोन हे आणखी एक. पहिला आला रात्री दोनला. पोहोचले तेव्हा रुग्ण गेलेला होता, आणि बायको कॉरिडॉरमध्ये त्याचा चष्मा पुसत उभी होती. पुन्हा पुन्हा, पदराने. मला काही सुचलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "काकू, द्या, मी धरते." त्यांनी चष्मा दिला आणि बसल्या. गटात हे वाचलं तर कुणी काही सुधारलं नाही. पण त्यानंतर आठवडाभर मला झोप नव्हती, आणि त्यासाठी कोर्समध्ये सोय म्हणावी अशी नाही. घरी ऐकून घेणारं कुणीतरी असल्याशिवाय हे घेऊ नका.

एका युनिटने चॅप्लेन होत नाही, हेही जाहिरात स्पष्ट सांगत नाही. अमेरिकेत पूर्ण प्रमाणित व्हायचं तर चार युनिटं, म्हणजे १६०० तास, वर पदव्युत्तर शिक्षण आणि स्वतःच्या पंथाची लेखी मान्यता लागते. नोकरीच्या हिशेबाने येणाऱ्यांनी आधी हे बघावं. आजाऱ्यांच्या भेटी करणाऱ्या माझ्यासारख्यांना एक युनिटही पुष्कळ आहे. गुण द्यायचे तर व्हर्बेटिमला आणि पहिल्या बाईंना पैकीच्या पैकी, नियोजन काठावर पास.

दुसऱ्या युनिटचा अर्ज अर्धा भरून ठेवलाय. ठिकाणाच्या रकान्यात वृद्धाश्रम लिहिलंय. मार्गदर्शक तिथे येणार की फोनवरच, आणि तास धरणार का, हे दोन प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलेत. लेखी उत्तर आलं तर सही करीन.