'कॉन्स्टिट्यूशन'चं लाकडी किट: उन्हाळा ते दिवाळी

'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे अमेरिकेचं जुनं शिडाचं लढाऊ जहाज, आणि हे त्याचं छोटं मॉडेल जोडायचं किट. आधी निकाल सांगून टाकतो. लाकूड झकास, दोरा टाकाऊ, माहितीपुस्तिका त्याहून टाकाऊ. तरी घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या जहाजाची किट बरेच जण काढतात, तुम्ही दुसरं घेतलंत तरी पुढचं कामाला येईल.

मी सुरुवात केली ती इंदूरच्या मे महिन्यात. त्या कोरड्या हवेत अक्रोडाच्या पट्ट्या पापडासारख्या मोडतात. कोमट पाण्यात चांगल्या भिजवायच्या, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर हळूहळू दाबत न्यायच्या आणि टाचण्या, कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर तशाच सोडायच्या. पूर्ण सुकल्यावरच फेव्हिकॉल. ओली पट्टी चिकटवली की ती आकसते आणि फट पडते. बरगड्या मात्र इतक्या नेमक्या कापलेल्या आहेत की घासकाम फारसं उरत नाही. दुसरा थर चढल्यावर बुडावरून हात फिरवा, पैसे तिथेच वसूल.

सुती दोरा लवदार आहे. हवा बदलली की कधी तटतटतो, कधी लोंबतो. सरळ शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा आणा आणि मेणातून ओढून वापरा. कप्प्या प्रमाणाबाहेर मोठ्या. तांब्याच्या पट्ट्या कडेला सुटतात, तिथे फेवीक्विकचा थेंब पुरतो. खोक्यावरच्या चित्रात तोफांच्या ओळीचा पट्टा पांढरा आहे. बोस्टनला आजही तरंगणारं मूळ जहाज तसंच दिसतं, पण 1812 च्या इंग्लंड-अमेरिका युद्धातलं रूप हवं असेल तर पट्टा पिवळसर, गेरूच्या छटेचा रंगवा.

पुस्तिकेत इतिहास म्हणाल तर एवढाच: 1797 मध्ये जहाज पाण्यात उतरलं. खरी गंमत त्यात नाहीच. 29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर याची गाठ इंग्रजांच्या 'जावा' या लढाऊ जहाजाशी पडली. लढाईत याचं सुकाणूचं चाक उडालं. जिंकल्यावर अमेरिकनांनी 'जावा'चं चाक काढून याच्यावर बसवलं आणि 'जावा' पेटवून दिली. किटमधलं ओतीव चाक नखाएवढं, आऱ्यांमध्ये धातूचे पापुद्रे राहिलेले. एरवी मी तसंच चिकटवलं असतं. हे वाचल्यावर बारीक कानशीने एकेक आरा साफ केला.

'जावा' मुंबईला निघाली होती. तिथे बांधायच्या एका फ्रिगेटचे (मध्यम आकाराच्या लढाऊ जहाजाचे) नकाशे तिच्यावर होते, ते गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ती 'त्रिंकोमाली' 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरली; आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे. आणि 'जावा'वर पकडला गेलेला एक प्रवासी होता जनरल थॉमस हिस्लॉप. हो, तोच! सुटून तो पुढे मद्रासचा सरसेनापती झाला आणि 21 डिसेंबर 1817 ला शिप्रेकाठी महिदपूरला त्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. पाठोपाठ मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. "इंदुरात कुठला समुद्र, भाऊ?" असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी आता खुर्ची देऊन बसवतो.

शिडं लावली नाहीत. किटमधलं कापड या मापाला फार जाड आहे, नुसत्या डोलकाठ्याच बऱ्या दिसतात. काचेची पेटी मात्र दोर बांधायच्या आधीच सांगून ठेवा. आपल्याकडची धूळ एकदा त्या जाळ्यात बसली की ब्रशनेही निघत नाही. आणि माप देताना पुढे नाळेबाहेर आलेला दांडा धरायला विसरू नका.