स्वस्तातली जॉयस्टिक आणि एक्स-प्लेन: आठ महिन्यांनंतर

नव्या जॉयस्टिकचा पहिल्या आठवड्यातला रिव्ह्यू मी वाचतच नाही. नवी असताना सगळ्याच सरळ चालतात. ही मी आठेक महिने जवळपास रोज संध्याकाळी वापरतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. चार-पाच हजारांच्या टप्प्यातल्या बहुतेक स्टिक आतून सारख्याच असतात, आणि मला सांगायचंय ते त्या आतल्या भागाबद्दलच.

मुक्काम इंदूर, सुदामानगर. विंडोजचा साधा डेस्कटॉप, एक्स-प्लेन १२ हा विमान उडवायचा सिम्युलेटर, त्यातलंच सेसना १७२ हे एका पंख्याचं छोटं विमान. विमानतळ घरचाच, म्हणजे इंदूरचा (कोड व्हीएआयडी). धावपट्टी ०७-२५, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट.

चांगलं आधी आटपतो. मूठ हाताला बसते, बूड जड आहे त्यामुळे टेबलावर सरकत नाही, बटणं अजून टकाटक चालतात. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायची, पट्टी जरा सैल वाटते, पण चालवून घेता येते.

कटकट सुरू झाली उन्हाळ्यात. क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ उडताना, हात सोडला की विमान हळूच एका बाजूला कलायचं आणि फायनलवर, म्हणजे उतरायला धावपट्टीच्या रेषेत आल्यावर, नाक उगाच थरथरायचं. यावर जो तो एकच सल्ला देतो, ‘कॅलिब्रेट करून बघ’. माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा हा सल्ला चुकीचा असतो. स्टिक संगणकाला फक्त एक आकडा पाठवते. दहा बिटची असेल तर ० ते १०२३, मध्य साधारण ५१२. त्यातलं डावं टोक कुठलं, उजवं कुठलं, मध्य कुठला, एवढंच कॅलिब्रेशन ठरवतं. आकडाच लटपटत असेल तर कॅलिब्रेशन त्याला काहीही करू शकत नाही.

म्हणून सिम्युलेटर बंद ठेवायचा, विंडोज आणि आर ही बटणं दाबून ‘जॉय.सीपीएल’ (joy.cpl) उघडायचं, प्रॉपर्टीजमधून सेटिंग्जमध्ये जाऊन कॅलिब्रेट दाबायचं. तिथे कच्चे आकडे दाखवण्याची एक चौकट असते, तिच्यावर टिक करायची. आता स्टिक डावीकडे नेऊन अलगद सोडा, आकडा लिहून घ्या. मग उजवीकडून सोडा. असं चार-सहा वेळा करा.

दोन्हीकडून सोडल्यावर आकडा तोच येतोय, पण मध्यापासून सरकलेला आहे, तर ते खरं कॅलिब्रेशनचं काम. रीसेट करून पुन्हा करा, प्रश्न मिटला. डावीकडून सोडल्यावर एक आकडा आणि उजवीकडून दुसरा, असं असेल तर स्प्रिंग किंवा सांध्यात ढिलाई आहे. तिथे कितीही कॅलिब्रेट केलं तरी पुढच्या हालचालीला मध्य बदलणार. त्या फरकाला पुरेल एवढाच डेड झोन, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल, द्यायचा, जास्त नाही, नाहीतर लँडिंगच्या वेळी बारीक सुधारणा करता येत नाहीत. आणि हात लावलेला नसतानाही आकडा नाचत असेल तर पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिकची हालचाल मोजणारा आतला भाग (थोडक्यात ‘पॉट’), मळलाय किंवा झिजलाय. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना बटण जसं खरखर करायचं, तसंच हे. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा पत्रा, कारणही तेच.

हा तिसरा प्रकार असताना कॅलिब्रेट करणं तर उलट नडतं. टोकं मोजली जात असताना एखादी उसळी आली की तेच टोक म्हणून नोंदलं जातं. मग आकड्यांचा पट्टा ताणला जातो आणि स्टिक पूर्ण ओढली तरी एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पंख, पूर्ण वळत नाही. त्यात एक्स-प्लेनचं स्वतःचं वेगळं कॅलिब्रेशनही असतं. म्हणून आधी विंडोजमध्ये रीसेट, मग एक्स-प्लेनमध्ये एकदाच. दोन्हीकडे आलटून पालटून करत बसलं की गडबड नेमकी कुठली हेच कळेनासं होतं.

माझ्याकडे रोलला (डावी-उजवी हालचाल) ढिलाई निघाली आणि मूठ पिळून चालणाऱ्या रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) धूळ. माळव्यातल्या मे महिन्याची धूळ कुठून कुठे शिरते ते इथल्यांना सांगायला नको. महाराणी रोडवरच्या दुकानदाराने मी सांगितलेलं अर्धवट ऐकूनच निकाल दिला, ‘भिया, पॉट गया.’ पण गेला नव्हता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि मूठ वीस-तीस वेळा इकडून तिकडे पिळणं, एवढ्यात आकडा शांत झाला. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. पॉट बदलायचाच झाला तर जुन्यावरची अक्षरं नीट वाचा. बहुधा ‘बी’ असतं, म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा. आवाजासाठीचा ‘ए’ बसवलात तर एका बाजूला स्टिक झोपेल आणि दुसऱ्या बाजूला उसळेल. वॉरंटी असेल तर मात्र स्क्रू सोडवायच्या आधी कार्डावर काय लिहिलंय ते बघा.

एक तक्रार मात्र स्टिकची नसतेच. सुट्टीत भाचा आला होता, टेकऑफ करता करता ओरडला, ‘मामा, हे डावीकडेच पळतंय, कॅलिब्रेट कर ना!’ सेसनाचा पंखा पायलटच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण पॉवरला त्याची उलटी पीळ, शेपटीवर गोल फिरत येणारा हवेचा झोत आणि नाक वर असताना उजव्या बाजूच्या पात्याचा जास्त ओढा, हे सगळं मिळून विमान डावीकडे वळतं. उजवा रडर द्यायचा, खऱ्या विमानातही तेच करतात. शंका असेल तर थ्रॉटल पूर्ण खाली घेऊन बघा. ओढ थांबली तर स्टिक निर्दोष. आणि वारा शून्यावर ठेवून बघा, खरं हवामान चालू असलं तर आडवा वाराही हेच करतो.

आणखी एक छोटी गोष्ट. गेमपॅडही जोडलेला असेल तर दोघांना एकच अक्ष, म्हणजे विमानाची एकच हालचाल, दिलेली नाही ना, ते तपासा. आणि स्टिक मधूनच गायब होत असेल तर यूएसबी हब काढून संगणकाच्या मागच्या यूएसबीला लावा, विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद करा.

तर घ्यावी का? नुकतं शिकायला लागला असाल, आठवड्यातून दोन-तीनदा उडवणार असाल, तर घ्या, पैसे वसूल आहेत. रोज बसणार असाल तर थोडं थांबून हॉल सेन्सरवाली घ्या. तिच्यात चुंबक असतो, घासणारं काही नसतं, त्यामुळे पट्टी झिजायचा प्रश्नच नाही. फक्त खोक्यावर नीट वाचा, कारण बऱ्याच स्टिकमध्ये दोन मुख्य अक्षांना हॉल सेन्सर देतात आणि ट्विस्ट (मूठ पिळणं) व थ्रॉटलला तोच जुना पॉट. माझ्या अनुभवात आधी कुरकुरतो तो ट्विस्टच. मी हीच ठेवणार आहे, वर कापडी झाकण घालून, आणि पायाचे रडर पेडल वेगळे घेईन. त्यातही हॉल सेन्सरवालेच शोधतोय.