पोस्टोयना गुहा पाहावी का?
स्लोव्हेनियातील पोस्टोयना गुहा सुमारे २४ किलोमीटर लांब असली, तरी मार्गदर्शकासोबतच्या दीड तासाच्या फेरीत त्यातले पाचेक किलोमीटरच दिसतात आणि बहुतेक अंतर विजेवरच्या छोट्या आगगाडीतून कापले जाते. १८७२ मध्ये रूळ टाकले, तेव्हा मार्गदर्शकच हे डबे हाताने ढकलत असत. एका दालनाच्या छतावरून वाळत घातलेल्या शेवयांसारख्या चुनखडीच्या बारीक नळ्या लोंबतात आणि प्रत्येकीच्या टोकाशी एक थेंब थरथरत असतो. त्या एका दृश्यासाठीही मी पुन्हा जाईन. आत बारमाही १० अंशांच्या आसपास थंडी असल्याने स्वेटर हवाच. गर्दी नकोशी वाटणाऱ्यांनी मात्र जवळची, जागतिक वारसा यादीतील श्कोत्सयान गुहा निवडावी. तिथे चालणे आणि पायऱ्या बऱ्याच आहेत.