रिसीव्हरचे ग्लोव्ह्ज आणि परभणीचे मैदान

अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलणाऱ्या खेळाडूला वाइड रिसीव्हर म्हणतात. त्याचे ग्लोव्ह्ज आपल्याला परिचित असलेल्या यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जइतके जाड नसतात, कारण हाताला मार लागू नये हा त्यांचा हेतूच नसतो. पाठीकडून ताणले जाणारे पातळ कापड आणि तळव्याला सिलिकॉनचा चिकट थर, एवढीच त्यांची बनावट. परभणीत आमच्या शाळेतील मुलांचा फ्लॅग फुटबॉलचा, म्हणजे खेळाडूला न पाडता त्याच्या कमरेची पट्टी ओढून अडवायच्या प्रकाराचा, सराव सुरू झाल्यावर अशी एक जोडी ऑनलाइन मागवली; ती दोन हजारांच्या आत मिळाली. या किमतीला मिळणाऱ्या बहुतेक जोड्यांची बनावट सारखीच असल्याने कंपनीचे नाव न घेता लिहीत आहे.

मुलांची मागणी मात्र अगदी नेमकी होती. "सर, जेफरसनसारखे पाहिजेत."

जस्टिन जेफरसन हा मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा रिसीव्हर. मुलांनी मोबाइलवर पाहिलेला त्याचा झेल 13 नोव्हेंबर 2022 रोजी बफेलो येथे झालेल्या सामन्यातला आहे. सामना संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली होती, संघ पिछाडीवर होता, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न होता आणि चेंडू आपल्याकडे राखायला 18 यार्ड पुढे जायला हवे होते. बचावपटूने जवळजवळ पकडलेला चेंडू जेफरसनने मागे झुकत एका हाताने ओढून घेतला आणि 32 यार्डांची मजल मारली. वायकिंग्जने तो सामना जादा वेळेत 33-30 असा जिंकला. त्या दिवशीचे त्याचे ग्लोव्ह्ज पुढे कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाकडे गेले, त्यामुळे सगळी किमया ग्लोव्ह्जचीच असावी असे मुलांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

ग्लोव्ह्जचे काम खरोखरच चोख आहे, हे आधी सांगतो. नवी जोडी घालून दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले आणि अलग केले की चर्र असा आवाज येतो, आणि चेंडू नुसत्या बोटांच्या टोकांवरही क्षणभर थांबतो. आमच्या मुलांचे हात क्रिकेटवर घडलेले असल्याने ती ओंजळ करून चेंडू छातीशी घेतात. या खेळातला लांबुळका चेंडू छातीवर आपटून हमखास उडतो, म्हणून तो शरीरापासून दूर, पसरलेल्या बोटांनी घ्यावा लागतो. ग्लोव्ह्ज आल्यावर मुले न सांगता हात पुढे करू लागली, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

चिकटपणाचा हा हव्यास जुनाच आहे. पूर्वी अमेरिकेतले खेळाडू हाताला डिंकासारखा पदार्थ फासून उतरत, आणि 1981 मध्ये एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने त्यावर बंदी घातली. आजचे ग्लोव्ह्ज नियमात बसतात. पण कोरड्या चेंडूवर त्यांची पकड पाहता ती बंदी कितपत उरली, असा प्रश्न पडतो.

अडचण आहे ती आपल्या मातीची. जेफरसनचे घरचे सामने मिनिआपोलिसच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये, कृत्रिम गवतावर होतात. आमचे मैदान म्हणजे काळ्या मातीवर पसरलेला मुरूम. दिवाळीनंतर गवत वाळले की त्याची कुसळे तळव्याला अशी चिकटतात की एकेक चिमटीने काढत बसावे लागते, आणि जमिनीला हात टेकून उठलेल्या मुलाचा तळवा एका क्षणात राखाडी होतो. मग हे ग्लोव्ह्ज साध्या कापडी हातमोज्यांहून बरे राहत नाहीत. ओल्या फडक्याने पुसले की पकड परत येते, म्हणून फडके कायम जवळ ठेवावे लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास वाळल्यावर पांढरट थर राहतो, तेव्हा धुण्यासाठी गोडे पाणी घ्यावे, ब्रश मुळीच लावू नये आणि ग्लोव्ह्ज सावलीतच वाळवावेत. मे महिन्यात पत्र्यावर वाळत टाकलेल्या आमच्या जोडीचा थर कडक झाला, तो पुन्हा पूर्ववत झालाच नाही. अंगठ्याजवळची शिवणही पहिल्याच हंगामात उसवली.

या वस्तूकडून किती अपेक्षा ठेवावी, हे जेफरसनच्या कारकिर्दीवरून नीट कळते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून 2019 च्या विजेत्या हंगामात त्याने 111 झेलांत 1,540 यार्ड मिळवले होते, तरी 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, त्याच्याआधी चार रिसीव्हर निवडले गेले आणि तो बाविसाव्या क्रमांकावर गेला. पहिल्या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे 1,400, 1,616 आणि 1,809 यार्ड केले; कारकिर्दीच्या पहिल्या तीन वर्षांत तोवर कोणीही एवढे यार्ड केले नव्हते. ग्लोव्ह्ज तर प्रत्येक रिसीव्हरकडे असतात. फरक पडला तो त्याच्या पायांमुळे, म्हणजे ठरलेल्या वाटेने धावताना ऐन वेगात थबकून दिशा बदलण्याच्या आणि बचावपटूला दोन पावले मागे टाकण्याच्या कसबामुळे. 2023 मध्ये मांडीच्या मागचा स्नायू दुखावला तेव्हा हात शाबूत असूनही त्याला सात सामने बाहेर बसावे लागले. तरीही उरलेल्या दहा सामन्यांत त्याने 1,074 यार्ड केले, आणि 2024 च्या जूनमध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांसाठी 14 कोटी डॉलरचा करार केला.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी मैदानावर मांडायचे सरावाचे शंकू आणि चांगल्या पकडीचे बूट घ्यावेत, असे माझे मत आहे. दिशा बदलण्याचा सराव त्यांवर होतो, आणि फ्लॅग फुटबॉलमध्ये अंगाला भिडायचे नसल्याने सगळा खेळ त्यावरच चालतो. फ्लॅग फुटबॉलला 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्थान देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला, तेव्हापासून पालकांचा खर्चाला नकार थोडा मवाळ झाला आहे, हे वेगळे.

ग्लोव्ह्ज घ्यायचेच असतील तर मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून घ्यावेत. वाढत्या वयाचा विचार करून एक नंबर मोठा घेण्याची आपल्याकडची सवय इथे नडते. बोटाच्या टोकाशी कापड रिकामे राहिले की चेंडू नेमका तिथूनच निसटतो.